वडिलांचा आयपॉड कपाटातून निघाला, आता काय करू?

प्रश्न थोडक्यात असा: वडील जाऊन दोन वर्षं झाली. कपाट आवरताना त्यांचा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक सापडला. पाच-सहा वर्षं कुणी हात लावलेला नाही. त्यात वडिलांनी स्वतः भरलेलं शास्त्रीय संगीत आहे, शिवाय घरगुती बैठकींची काही रेकॉर्डिंग्ज आहेत, जी दुसरीकडे कुठेच नाहीत. आईला ती ऐकायची आहेत. चार्जिंगला लावू का? दुरुस्त करून वापरावा, की सरळ नवा प्लेअर घ्यावा?

ताई, उत्तर लांबणार आहे, पण पहिली गोष्ट आत्ताच सांगतो. अजून चार्जिंगला लावला नसेल तर आजचा दिवस थांबा. आणि घरातल्या ज्या कॉम्प्युटरवर आयट्यून्स (आयपॉडमध्ये गाणी भरायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) आहे, त्याला तर जोडूच नका.

मी टेपडेक दुरुस्त करत या धंद्यात आलो. पुण्यात तापकीर गल्लीतून पट्टे आणि हेड आणून डेक उघडायचे, असं माझं शिक्षण. पुढे डेक संपले आणि तीच माणसं आयपॉड घेऊन यायला लागली. त्यामुळे तुमच्यासारखी केस माझ्याकडे वर्षातून बऱ्याचदा येते, आणि चूक बहुतेकांची एकच असते: आधी यंत्र दुरुस्त करायला धावतात, आतल्या मालाचा विचार नंतर. क्लासिक सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाला, तरी जुन्या बाजारात अजून मिळतो. तुमच्या घरातली बैठक मिळणार नाही. म्हणून आधी रेकॉर्डिंग बाहेर, मग दुरुस्ती.

सुरुवात डोळ्यांनी करा. आयपॉड टेबलावर पालथा ठेवा, डोळा टेबलाच्या पातळीला आणा आणि कडेकडेने फिरवून पाहा. स्टीलचा मागचा पत्रा आणि पुढचा भाग यांच्यात कुठे फट दिसते का? पत्रा मधोमध पोटासारखा वर आलाय का? क्लासिकची बॅटरी मागच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. ती फुगली की ढकलायला तिला दोनच जागा, पत्रा किंवा आतली डिस्क. फुगलेली वाटली तर चार्ज करायचं नाही, दाबून सपाट करायचं नाही, सरळ जाणकाराकडे न्यायचं. सपाट असेल तर वरच्या कडेचं होल्डचं बटण पाहा. नारिंगी पट्टी दिसत असेल तर होल्ड लागलेला आहे, म्हणजे बाकीची बटणं बंद आहेत. हसू नका. ‘मेलेला’ म्हणून आलेले आयपॉड मी नुसतं हे बटण सरकवून परत दिलेले आहेत, आणि त्याचे पैसे घेताना लाज वाटते म्हणून चहावर भागवतो.

चार्जिंगला मोबाईलचा जुना, साधा ५ व्होल्टचा चार्जर चालेल. केबल मात्र जुन्या पद्धतीची, रुंद तीस पिनांची लागते. घरात सापडली तर तिचं रबर तपासा, बहुतेकींचं टोकापाशी भुगा होऊन आतली तार उघडी पडलेली असते. आयपॉड फरशीवर ठेवून चार्ज करा, गादीवर किंवा उशीवर नको, आणि पहिला तासभर त्याच खोलीत बसा. पडदा अर्धा तास काळाच राहिला तर घाबरू नका. लिथियम बॅटरी फार खाली गेली की सर्किट तिला आधी थेंबथेंब पाजतं, पडद्याला द्यायला काही उरत नाही. तासाभरानंतरही काही नाही, तर बॅटरी गेली असं समजा. बॅटरी गेली म्हणजे गाणी गेली असं नाही. ती डिस्कवर आहेत.

आता आयट्यून्सची भानगड. हे यंत्र बनवतानाच ठरवलं होतं की एका आयपॉडचं एकाच कॉम्प्युटरवरच्या संग्रहाशी लग्न लागणार. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला की आयट्यून्स विचारतं, यावरचं पुसून इथलं भरू का? प्रश्न इतक्या सभ्य भाषेत येतो की माणूस सवयीने होकार देतो. एक गृहस्थ असेच होकार देऊन माझ्याकडे आले होते. त्यांच्या कॉम्प्युटरवर मुलीची अकरा गाणी होती, आयपॉडवरही तेवढीच उरली. पुसलेल्यातलं थोडं परत काढता आलं, पण फायली मधूनच तुटलेल्या. म्हणून ज्यावर आयट्यून्स कधीच टाकलेलं नाही असा लॅपटॉप शोधा. विंडोज चालेल. जोडल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विंडोजने विचारलं, तर वडिलांनी तो मॅकवर तयार केला होता असा अर्थ. नाही म्हणा, काढून घ्या आणि कुणाच्या तरी मॅकवर जोडा. मॅकवरही आपोआप सिंक सुरू होऊ नये म्हणून जोडताना कमांड आणि ऑप्शन ही दोन बटणं दाबून धरा.

ड्राइव्ह म्हणून दिसलाच नाही तर डिस्क मोड आहे, म्हणजे आयपॉडला नुसती डिस्क म्हणून उघडायला लावायचं. मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा, सफरचंद दिसलं की सोडा आणि लगेच मधलं आणि प्ले दाबून धरा. हेच करताना प्लेऐवजी मागे जायचं, म्हणजे डावीकडचं बटण धरलंत, तर तपासणीचा मेन्यू उघडतो. त्यात मॅन्युअल टेस्टमध्ये आयओ, मग हार्डड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा असं जा. पडद्यावर बारीक अक्षरांत काही आकडे येतील. त्यातले दोनच पाहायचे: ‘रीॲलॉक्स’ आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’. पहिला म्हणजे डिस्कच्या ज्या जागा खराब झाल्या म्हणून तिने बदलून घेतल्या, दुसरा म्हणजे ज्या आत्ता वाचताना अडखळतात. दोन्हींपुढे शून्य असेल तर निवांत कॉपी करा. दुसऱ्यापुढे शेकड्यात आकडा असेल तर तुमच्याकडे वेळ कमी आहे. आणि कानाला लावल्यावर ठराविक ठेक्यात टिक… टिक… असा आवाज येत असेल तर बंद करा आणि पुन्हा चालू करून पाहू नका. प्रत्येक वेळी ‘एकदाच बघतो’ म्हणून चालू केलेली डिस्क माझ्याकडे येईपर्यंत ओरबाडून निघालेली असते.

कॉपी करताना आणखी एक धक्का बसेल. ड्राइव्ह उघडलात की गाणी दिसणारच नाहीत. विंडोजमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करा, मग ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचं फोल्डर दिसेल, त्यात ‘म्युझिक’, आणि त्यात एफ००, एफ०१ अशी ओळीने खोकी. प्रत्येक खोक्यात चार-चार अक्षरांची निरर्थक नावं असलेल्या फायली. कुठल्या रागाचं काय, काही कळत नाही. काही बिघडलेलं नाही. गायकाचं, रागाचं नाव फायलीच्या पोटात टॅगमध्ये लिहिलेलं आहे, बाहेरची पाटी तेवढी आयपॉडने बदलली आहे. अख्खं ‘म्युझिक’ फोल्डर उचलून कॉपी करा. १६० जीबी भरलेला असेल तर तीन-चार तास धरा. आयपॉड सपाट ठेवा आणि हलवू नका, आत चकती फिरते आहे.

डिस्क आजारी असेल तर सगळं एका झटक्यात उचलू नका. सर्व खोक्यांत मिळून शोध लावा आणि फायली आकाराने लावून घ्या. तुमच्या बैठकी जवळजवळ नक्की सगळ्यात वर येतील. ध्वनिमुद्रिकेवरची चीज थोड्या मिनिटांची असते, सीडीवरचा ख्याल पाऊण तासाचा, आणि घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग एकदा बटण दाबून दीड तास चालू राहिलेलं. त्या दहा-वीस फायली आधी काढा, मग बाकीचं.

एक दिलासा. जुन्या विकत घेतलेल्या गाण्यांना कुलूप असायचं, ती दुसऱ्या यंत्रावर वाजत नसत. ॲपलने गाण्यांवरचं ते कुलूप २००७ पासून काढायला घेतलं आणि २००९ मध्ये पुरतं काढून टाकलं, आणि आयट्यून्सचं दुकान भारतात उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये. म्हणजे वडिलांचा माल बहुधा स्वतःच्या सीडी आणि कॅसेटवरूनच भरलेला असणार. तो कुठेही वाजेल.

कॉपी झाली की दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. मगच पुढे वाचा.

नावं लावायचं काम आईबरोबर बसून करा असं मी सुचवेन. एमपीथ्री टॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात टॅगवरून फायलींची नावं एका फटक्यात परत लावता येतात. ज्यांना टॅगच नाही, म्हणजे बहुतेक बैठकीच, त्या ऐकून लिहाव्या लागतात. परदेशी पद्धतीचे रकाने आपल्या गाण्याला बसत नाहीत. ‘अल्बम’ म्हणजे काय? ‘संगीतकार’ कोण, पारंपरिक बंदिशीचा? मी माझ्यापुरती सोय अशी केली आहे: कलाकाराच्या रकान्यात गायक-वादक, गाण्याच्या नावात राग आणि बंदिशीचे पहिले शब्द, संगीतकाराच्या रकान्यात ताल, अल्बमच्या रकान्यात जागा आणि साल, आणि ‘प्रकार’ म्हणून जो रकाना असतो त्यात प्रहर. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. सकाळी उठून प्रकार उघडायचा, ‘सकाळ’ निवडायचं, समोर तोडी, भैरव, बिलावल सगळे हजर. नावं मी रोमन लिपीतच लिहितो. माझ्या हातून गेलेल्या बऱ्याच जुन्या प्लेअरवर देवनागरीचे एक तर चौकोन होतात, नाहीतर वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

आवाजाचा दर्जा जसा आहे तसा राहू द्या. १२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच दाबलेली, एमपीथ्री फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळता साठवायच्या पद्धतीत) बदलून ‘सुधारली’ असं सांगणारे भेटतील. पातळ ताक मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून त्याचं दही होत नाही. कमी दर्जाची फाईल ओळखायची असेल तर गायकाकडे लक्ष देऊ नका, तानपुरा ऐका. जवारीतून, म्हणजे तारांच्या झंकारातून, निघणारे वरचे बारीक स्वर एमपीथ्री दाबताना आधी मरतात, तानपुरा पाण्याखाली बसून छेडल्यासारखा लवलवतो. एकदा कानाला कळलं की परत न कळलेलं करता येत नाही, तेव्हा हा उद्योग आपल्या जबाबदारीवर करा. वडिलांच्या मूळ सीडी घरात असतील तर त्या पुन्हा उतरवून घ्या, या वेळी फ्लॅकमध्ये. सीडीचा आवाज मिनिटाला साधारण १०.६ एमबी जागा खातो, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास, ३२० केबीपीएस एमपीथ्रीत २.४ एमबी. मात्र ॲपलच्या मूळ सॉफ्टवेअरवर फ्लॅक वाजत नाही. एक तर ॲपलच्याच लॉसलेस (फ्लॅकसारख्याच, काही न गाळणाऱ्या) पद्धतीत बदला, नाहीतर रॉकबॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर टाका. आईच्या हातात द्यायचा असेल तर रॉकबॉक्स नको, त्यात पर्यायांचं रान माजलेलं आहे.

आता दुरुस्ती. २००७ ते २०१४ या काळातल्या क्लासिकचं बाकी सगळं चिवट आहे, दोनच गोष्टी म्हाताऱ्या होतात, बॅटरी आणि फिरती डिस्क. दोन्ही बदलता येतात. डिस्कच्या जागी एसडी कार्ड बसवणारी छोटी पट्टी मिळते. ती बसवली की आतली घरघर जाते, वजन हलकं होतं, बॅटरी जास्त पुरते, आणि हातातून पडला तरी काळजात धस्स होत नाही. तुमचा १६० जीबी दोनपैकी एक असेल. जाडी मोजा. साडेतेरा मिलिमीटर असेल तर तो २००७ चा, साडेदहा असेल तर २००९ किंवा नंतरचा. २००९ नंतरच्याला मोठं कार्ड चालतं. २००७-०८ च्या मॉडेलांना कार्ड लावलं की मूळ सॉफ्टवेअर १२८ जीबीपाशी अडतं, त्यामुळे त्यात १२८ चंच कार्ड घाला आणि पैसे वाचवा. ३२० केबीपीएसला १२८ जीबीत आठशे-साडेआठशे तास मावतात, आईला तेवढं पुरेल.

कार्ड मात्र तपासल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. एका गिऱ्हाइकाने स्वस्तात मिळालं म्हणून २५६ जीबीचं कार्ड आणून दिलं. बसवलं, भरलं, सगळी नावं दिसली. आठवड्याने परत आले: काही गाणी वाजतात, बाकीची दोन सेकंदांत उडी मारून पुढे जातात. कार्ड मुळात ३२ जीबीचं होतं, कॉम्प्युटरला २५६ सांगायला शिकवलेलं. तेव्हापासून प्रत्येक कार्ड आधी काठोकाठ भरून, परत वाचून पाहतो. रात्रभराचं काम आहे, पण फुकटचं आहे. बॅटरीचंही तसंच. मूळच्याच आकारात तिप्पट क्षमता लिहिलेली असेल तर ती शाईची क्षमता आहे.

स्वतः उघडणार असाल तर सांगतो, हा आयपॉड उघडायला वाईट आहे. पुढचा भागही धातूचा, आतल्या कड्या घट्ट, पातळ पाती घालून एकेक सोडवावी लागते आणि पत्र्याची कड थोडी वाकतेच. खरी मेख पुढे आहे. पत्रा सुटला की आनंदाने पुस्तकासारखा उघडायचा मोह होतो. हेडफोनचं सॉकेट आणि होल्डचं बटण मागच्या पत्र्याला, आणि त्यांची नारिंगी पट्टी मुख्य बोर्डाला. बॅटरीची पट्टीही तशीच. बोटभर उघडून थांबायचं, चिमट्याने बॅटरीच्या पट्टीची खिट्टी उचलायची, पट्टी आपोआप सुटते, ओढायची नाही. माझ्या पहिल्या क्लासिकची हेडफोनची पट्टी मी फाडली होती. माझाच होता म्हणून बरं.

आणि मग आई. एक विचारतो, राग मानू नका: आईंना हा आयपॉड हवाय, की त्यातलं गाणं? वर्तुळावर बोट फिरवून यादी सरकवणं आपल्याला सोपं वाटतं. सत्तरीतल्या हातांना ते जमतंच असं नाही, यादी कधी सरकत नाही तर कधी तीन नावं पुढे पळते. नुसतं गाणंच हवं असेल तर सरळ उपाय आहे. सारेगामाचा कारवां हा रेडिओसारखा प्लेअर, जो २०१७ मध्ये आला, त्याला पेन ड्राइव्ह लावायची सोय आहे. पाच हजार गाणी आत भरलेली असतात, मराठी गाण्यांचाही येतो. बैठकी एमपीथ्री करून पेन ड्राइव्हवर घाला, मागे खोचा, संपलं. कान भरेल असा स्पीकर आहे आणि गोल खटका फिरवायचा असतो, जुन्या रेडिओसारखा. संगीताच्या शौकिनांना त्याचा आवाज डबड्यासारखा वाटेल. आईंना बैठकीत त्यांच्या ओळखीचा खोकला ऐकू आला की पुरे असतं, असा माझा अनुभव आहे.

पण ‘त्यांचाच’ हवा असं त्या म्हणाल्या तर आयपॉडच तयार करा, आणि थोडी मशागत करून द्या. सेटिंगमध्ये मुख्य मेन्यूतल्या नको त्या ओळी काढून टाकता येतात, चारच ठेवा. आवाजाची कमाल मर्यादा लावून टाका. ऐकण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे, त्यापेक्षा मोठा आवाज तर तास कमी. साउंड चेक चालू करा, म्हणजे दबक्या आवाजातल्या बैठकीनंतर भावगीत अंगावर येणार नाही. इक्वलायझर बंदच ठेवा, बेस वाढवला की तबल्याचा डग्गा फाटतो. आणि भरताना आयट्यून्समध्ये दीड तासाच्या फायलींना दोन खुणा करा: जिथे थांबलो ती जागा लक्षात ठेव, आणि शफलमध्ये घेऊ नको. दुसरी खूण विसरलात तर बडा ख्याल समेवर यायच्या आत कुठलीतरी लावणी सुरू होईल. इअरफोन कानात खुपत असतील तर हेडफोनच्या भोकातून स्पीकरला वायर न लावता खालच्या तीस पिनांमधून लाइन आउटची वायर काढा. तिथला आवाज बटणाने कमीजास्त होत नाही आणि स्वच्छ येतो.

नवा प्लेअर घ्यायचा का, याचं उत्तर छोटं आहे. तुमच्या कामासाठी नको. सोनीचे वॉकमन आणि चिनी कंपन्यांचे प्लेअर चांगले आहेत, ज्याच्याकडे भारी हेडफोन आणि फ्लॅकचा साठा आहे त्याने जरूर घ्यावेत. कॅसेटवरून उतरवलेल्या बैठकीला ‘हाय-रेस’ची, म्हणजे सीडीहून बारीक आवाजाची, पाटी लावून काही फरक पडत नाही, मुळात कॅसेटवरच तेवढं नव्हतं. ‘२००५-०६ च्या आयपॉडमधली चिप मधुर होती, तो शोधून द्या’ म्हणणारेही माझ्याकडे येतात. देतो शोधून. पण दोन आयपॉडमधल्या फरकापेक्षा दोन हेडफोनमधला फरक कितीतरी मोठा असतो, हेही सांगतो. ते ऐकत नाहीत.

वापरात नसेल तेव्हा निम्मा चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून नाही आणि रिकामाही नाही. दर तीन-चार महिन्यांनी एकदा चालू करा. पावसाळ्यात हेडफोनच्या भोकात हिरवट थर धरतो आणि एका कानातला आवाज जातो, कोकणात तर हमखास. पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून चार वेळा आत-बाहेर केली की बहुतेकदा परत येतो. डब्यात सिलिकाच्या पुड्या टाका. कपड्यांत, डांबरगोळ्यांच्या वासात नको.

काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, मागून घ्या. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वरती ‘बाबांचा आयपॉड, मूळ डिस्क’ आणि काढल्याची तारीख लिहा. कॉपी करताना एखादी फाईल तुटली असेल, तर ती दोन वर्षांनी आईच्या लक्षात येते आणि तेव्हा पुन्हा त्याच डिस्ककडे जावं लागतं.